कॉलेजात गेलेल्या लेकरांसाठी आपलीच पंचसूत्री



बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत पेढे येतात. कुणाची लेक बी.एस्सी.ला जाते, कुणाचा मुलगा डिप्लोमाला, कुणाची पोरगी नर्सिंगला. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरातलं कॉलेजचं तोंड पाहणारं ते पहिलंच लेकरू असतं. फी भरायला गटातून अंतर्गत कर्ज उचललेलं असतं, कुणी सोन्याचे मणी ठेवलेले असतात.

मग पहिल्या सत्राचा निकाल लागतो. गावच्या शाळेत पहिल्या पाचात असलेली मुलगी दोन विषयांत अडकते. घरात कुजबुज सुरू होते. "हिला झेपत नाही वाटतं." "पैसा वाया चाललाय." "आता एखादं चांगलं स्थळ बघा." मुलगी आधीच घाबरलेली असते, ती काहीच बोलत नाही. कॉलेज तिथंच संपतं आणि कर्जाचा हप्ता मात्र चालू राहतो.

अशा वेळी आपण म्हणतो, अभ्यास जमला नाही. पण बऱ्याचदा अडचण अभ्यासाच्या बाहेरची असते. हजेरी कमी पडलेली असते. जर्नल वेळेवर दिलेलं नसतं. समजलं नाही ते कुणाला विचारलेलं नसतं. शिष्यवृत्तीचा अर्ज राहून गेलेला असतो. या गोष्टी पुस्तकात नसतात आणि कॉलेजात कुणी मुद्दाम शिकवतही नाही. ज्यांचे आईवडील कॉलेजात गेलेले असतात, त्यांना त्या घरात बसल्याबसल्या कळतात. आपल्या लेकरांना त्या कोण सांगणार?

ताई, इथं तुम्ही म्हणाल, "मी सातवी शिकलेली, मी काय सांगणार?" आता जरा आपल्या गटाकडे बघा. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. ही पंचसूत्री तुम्ही वर्षानुवर्षं पाळताय. कॉलेजात टिकायला जे लागतं, ते जवळपास हेच आहे. रसायनशास्त्र तुम्हाला शिकवता येणार नाही, पण हे पाच धडे तुमच्याइतके कुणालाच येत नाहीत. एकेक करून बघू.

१. नियमित बैठक, म्हणजे हजेरी

बैठकीला न येता नुसती बचत पाठवणारी बाई गटात फार दिवस टिकत नाही, हे आपण पाहिलंय. कॉलेजचंही तसंच आहे. तिथं शाळेसारखं कुणी घरी निरोप पाठवत नाही. वर्गात शंभर मुलं असतात, आलं काय, नाही आलं काय, कुणी विचारत नाही. मुलांना वाटतं, चालतं. मग परीक्षेच्या तोंडावर हजेरीची यादी लागते. बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरीचा नियम आहे. ती कमी पडली तर परीक्षेला बसायची पंचाईत होऊ शकते.

हिशोब करू. एका विषयाचे सत्रात ६० तास झाले, तर ७५ टक्के म्हणजे ४५ तास. चुकले तर १५ चालतात. आठवड्याला चार तास असतील आणि सोयाबीनच्या काढणीला नि कापसाच्या वेचणीला मुलीला तीन आठवडे घरी ठेवलं, तर १२ तास तिथंच गेले. मग एक ताप, एक लग्न, एक दिवस एसटी बंद, की संपलं. पहिल्या सत्राची परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला येते आणि आपला सुगीचा हंगामही तेव्हाच. शेतातलं काम खरं आहे, मजूर मिळत नाही हेही खरं. पण वेचणीला एक बाई जास्त लावायचा खर्च आणि वर्ष वाया जायचा खर्च, दोन्ही कागदावर मांडून बघा.

मुलांना एवढं सांगा: रोज जा, पुढच्या बाकांवर बस, आणि महिन्यातून एकदा आपली हजेरी किती झाली ते ऑफिसात किंवा वर्गशिक्षकांना विचार.

२. नियमित बचत, म्हणजे रोजचा थोडा अभ्यास

आपण आठवड्याला किंवा महिन्याला थोडेथोडे टाकतो. वर्षाच्या शेवटी एकदम आणते म्हणणारीला कधी जमलंय का? अभ्यासाचंही तसंच.

रोज १ तास, आठवड्याचे ६ दिवस, असे १५ आठवडे केले तर ९० तास होतात. परीक्षेआधी दहा दिवस रोज ९ तास बसलं तरी ९० तासच होतात. पण दोन्ही सारखे नाहीत. एकदम कोंबलेलं लवकर विसरतं, थोडंथोडं परत परत केलेलं टिकतं. हेर्मान एबिंगहाऊस नावाच्या जर्मन संशोधकाने हे १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. शिवाय दहा दिवस रोज ९ तास बसणं कुणाला जमतं?

यात आईचं मोठं काम आहे. घरून येजा करणाऱ्या मुलीचा दिवस बघा. पहाटे पाणी भरणं, भाकरी, मग एसटी, संध्याकाळी परत भांडी आणि स्वयंपाक. तिचा तो एक तास कुठून येणार? तो घरानं काढून द्यायला लागतो. रात्री आठ ते नऊ तिला कुणी हाक मारायची नाही, असं घरात ठरवा. भाऊ असेल तर पाणी त्यानं भरावं. त्याला दोन हात आहेत.

३. अंतर्गत कर्ज, म्हणजे मदत मागणं

गटात कर्ज मागायला आपण लाजत नाही. त्यासाठीच गट आहे. सगळ्यांसमोर सांगतो, इतके पाहिजेत, यासाठी पाहिजेत. पण आपली पोरं कॉलेजात तोंड उघडत नाहीत. बारावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी बी.एस्सी.च्या वर्गात बसते, सगळं इंग्रजीत चाललेलं. तिला वाटतं, सगळ्यांना समजतंय, आपल्यालाच येत नाही. विचारलं तर हसतील. खरं म्हणजे शेजारच्या बाकावरचीलाही तेच वाटत असतं.

पहिल्या वर्षाला सगळ्यात उपयोगी पडणारं कौशल्य म्हणजे विचारता येणं. ते सवयीनं येतं. घरी सराव करून घ्या. काय बोलायचं ते तोंडपाठ असलं की भीती कमी होते. उदाहरणार्थ: "मॅडम, कालच्या तासातला हा भाग मला समजला नाही. तुम्हाला कधी वेळ असेल तेव्हा विचारायला येऊ का?" बस, एवढंच. वर्गात सगळ्यांसमोर जमत नसेल तर तास संपल्यावर विचारावं. मराठीत विचारलं तरी चालतं. मन लावून शिकवणाऱ्या सर-मॅडमना विचारणारी मुलं आवडतात.

दुसरी मदत म्हणजे सोबतीणी. तीन-चार मुलींनी मिळून एक अभ्यासगट करावा. एकीला गणित येतं, दुसरीचं इंग्रजी बरं आहे, तिसरी नोट्स नीट काढते. आठवड्यातून दोनदा बसावं आणि प्रत्येकीनं एक भाग बाकीच्यांना समजावून सांगावा. दुसऱ्याला शिकवताना आपल्याला काय कळलं नाही ते आपोआप कळतं. तुमच्या गटात सचिव ताई हिशोब वाचून दाखवतात तेव्हा चुका सापडतात ना, तसंच.

कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना असते, एनएसएस म्हणतात ती. १९६९ मध्ये सुरू झाली. वर्षाला १२० तासांचं काम आणि एक सात दिवसांचं शिबिर असतं. आपल्याला वाटतं, हा अभ्यास सोडून भलताच उद्योग. पण चारचौघांत बोलणं, काम वाटून घेणं, नवख्या माणसांशी जुळवून घेणं मुली तिथं शिकतात. लाजऱ्याबुजऱ्या मुलीला तिथं जरूर पाठवा.

४. नियमित परतफेड, आणि हप्ता चुकला तर?

परतफेडीचा पहिला अर्थ म्हणजे दिलेल्या तारखेला काम पोचवणं. जर्नल, प्रकल्प, अंतर्गत चाचणी. बऱ्याच अभ्यासक्रमांत लेखी परीक्षेशिवाय या कामांचेही गुण असतात. हे गुण हुशारीपेक्षा वेळ पाळण्याचे असतात, त्यामुळे ते सोडायचे नाहीत.

दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा. गटात एखाद्या ताईचा हप्ता चुकला तर आपण काय करतो? तिला लगेच गटातून काढत नाही. विचारतो, काय झालं? म्हैस आजारी पडली का, नवऱ्याची मजुरी थांबली का? मग हप्ता बांधून देतो, मुदत वाढवतो आणि पुढच्या बैठकीत लक्ष ठेवतो. आपल्या घरातल्या मुलीचा एक पेपर राहिला की मात्र आपण एका दिवसात निकाल लावतो.

एटीकेटी हा शब्द ऐकून घाबरू नका. एखाद-दोन विषय राहिले तरी पुढच्या सत्रात किंवा वर्षात जाता येतं आणि राहिलेला विषय परत देता येतो, एवढाच त्याचा अर्थ. किती विषयांपर्यंत चालतं याचा नियम विद्यापीठागणिक वेगळा असतो, तो कॉलेजच्या ऑफिसात विचारून घ्या. परत परीक्षेचा अर्ज भरायची तारीख असते. ती चुकवायची नाही.

मुलगी नापास झाल्याच्या दिवशी तिला काय बोलायचं हे आधीच ठरवून ठेवा. त्या दिवशी रागात निघालेला शब्द ती जन्मभर विसरत नाही. आधी जेवू घाला. दुसऱ्या दिवशी शांतपणे तीन गोष्टी विचारा: कोणता विषय राहिला? कशामुळं राहिला असं तुला वाटतं? पुढच्या वेळी वेगळं काय करायचं? ही तीन उत्तरं एका कागदावर लिहून घ्या. तोच तिचा नवा हप्ता.

"तू हुशार आहेस" असं सारखं म्हणण्याबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर या दोघी मानसशास्त्रज्ञांनी पाचवीच्या मुलांबरोबर केलेले प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही मुलांना कोडी सोडवल्यावर म्हटलं, तुम्ही हुशार आहात. काहींना म्हटलं, तुम्ही छान मेहनत केलीत. मग सगळ्यांना अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेली मुलं अपयश आल्यावर लवकर खचली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं टिकून राहिली. कारण साधं आहे. हुशार म्हटलेल्या मुलाला चुकल्यावर वाटतं, म्हणजे मी हुशार नाहीच. मेहनतीचं कौतुक झालेल्याला वाटतं, अजून थोडं करायला पाहिजे. म्हणून "माझी लेक हुशारच आहे" यापेक्षा "पंधरा दिवस रोज बसलीस, ते मी पाहिलं" असं म्हणा.

५. नियमित लेखे, म्हणजे कागद, तारखा आणि पैसा

रोकडवही अर्धवट असली की गटाचं बँक लिंकेज अडतं. कॉलेजच्या पोरांचंही घोडं कागदावरच अडतं. एक प्लास्टिकची फाइल करा. तिच्यात मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तर जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, आधार, बँक पासबुक आणि फी भरल्याच्या पावत्या. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. मूळ कागद कुणाकडे दिला तर तारीख टाकून लिहून ठेवायचं.

सरकारी शिष्यवृत्तीचे बरेचसे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात. इथं अडकायच्या जागा ठरलेल्या आहेत. एक, मुलीचं बँक खातं आधारला जोडलेलं नसतं, मग मंजूर झालेले पैसे जमा होत नाहीत. दोन, आधारला जुना मोबाइल नंबर असतो, ओटीपी भलतीकडेच जातो. तीन, पासवर्ड सायबर कॅफेवाल्याच्या वहीत असतो, घरी नसतो. चार, पहिल्या वर्षी अर्ज भरला म्हणजे झालं असं वाटतं, पण पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज परत भरावा लागतो. या चारही गोष्टी कॉलेज सुरू व्हायच्या आधी मिटवून टाका.

आणखी एक माहिती मुलींच्या आयांसाठी. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून राज्य सरकारने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत दिली आहे. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो, व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला हे लागू नाही. प्रवेश घेतानाच कॉलेजला विचारा. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींसाठी वेगळ्या योजना आहेत, त्यांचीही चौकशी त्याच वेळी करा.

रोजच्या पैशाचाही हिशोब मुलांना शिकवा. समजा खोलीभाडं सोडून महिन्याला ४००० रुपये पाठवता. खाणावळ २८००, एसटी ३००, मोबाइल ३००, झेरॉक्स-वह्या-जर्नल ३००. झाले ३७००. उरले ३००. हे ३०० आजारपणासाठी. मुलीनं वही ठेवली तर २० तारखेला पैसे संपले असा फोन येणार नाही, आणि एक वेळ उपाशी राहून ती ते लपवणारही नाही. हो, मुली असं करतात. घरच्या ओढाताणीची त्यांना जाणीव असते म्हणून मागत नाहीत. मागायला लाजायचं नाही, हे त्यांना स्पष्ट सांगून ठेवा.

काम करून शिकणंही कमीपणाचं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. त्यांनी श्रम करून शिकायची वाट गरिबांच्या पोरांना दाखवली. आजही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि बऱ्याच महाविद्यालयांत कमवा व शिका योजना आहे. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत ठरावीक तास काम केलं की मानधन मिळतं. अर्जाची मुदत सत्राच्या सुरुवातीलाच असते.

फोनवर काय विचाराल?

लेकरू शिकायला बाहेर असलं की आपले दोनच प्रश्न असतात: "जेवलीस का?" आणि "अभ्यास करतेस ना?" दुसऱ्याचं उत्तर कायम "हो" असतं. त्याच्याऐवजी असं विचारून बघा: "आज कोणत्या तासाला काय समजलं नाही? ते कुणाला विचारलंस?" "या आठवड्यात काय द्यायचंय?" "तुझ्याबरोबर कोण बसतं?" शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. महिना-दोन महिने झाले तरी सोबतीणीचं एकही नाव निघालं नाही, तर पोरगी एकटी पडली आहे असं समजा आणि एकदा जाऊन भेटून या.

काही खुणांकडे मात्र दुर्लक्ष करू नका. जेवण तुटणं, झोप उडणं, फोन टाळणं, "मी नसले तर बरं" असली भाषा. ही नाटकं नसतात. अशा वेळी मुलीजवळ जा, तिला एकटं सोडू नका. सरकारची टेलिमानस ही मोफत मदतवाहिनी आहे, नंबर १४४१६. तिथं मराठीतही बोलता येतं. कॉलेजात किंवा वसतिगृहात रॅगिंग होत असेल तर १८००-१८०-५५२२ या नंबरवर तक्रार करता येते. छेडछाड होत असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते. आणि तक्रार केली म्हणून मुलीचं शिक्षण बंद करणार नाही, हे तिला आधी सांगा. ते शब्द मिळाले नाहीत तर ती काहीच सांगणार नाही.

सगळं लेकरांवर ढकलू नका

जिद्द पाहिजे, शिस्त पाहिजे, हे सगळं खरं. पण एसटी वेळेवर नसेल, वसतिगृहात जागा नसेल, शिष्यवृत्ती वर्षभर अडकलेली असेल, तर एकट्या मुलीच्या जिद्दीनं भागत नाही. तिथं आपलं काम सुरू होतं. एकट्या बाईनं डेपोत अर्ज दिला तर तो पडून राहतो. ग्रामसंघाचा ठराव जोडून दहा-बाराजणी गेल्या की विचारणा होते, हे आपण रेशनच्या आणि पाण्याच्या वेळी पाहिलंय.

म्हणून येत्या बैठकीत अर्धा तास या विषयाला द्या आणि इतिवृत्तात नोंद करा:

- गटातल्या कुणाकुणाची मुलं कॉलेजात आहेत, कोणत्या वर्षाला, त्याची यादी करा.
- प्रत्येकाची कागदाची फाइल तयार आहे का, खातं आधारला जोडलंय का, ते तपासा.
- गावातली कॉलेज संपवलेली एक मुलगी किंवा मुलगा बोलवा. पहिल्या वर्षी काय अडचण आली ते त्यांच्याच तोंडून नव्या पोरांना ऐकवा.
- काढणी-वेचणीच्या दिवसांत एकमेकींच्या शेतात सावड करा, म्हणजे कॉलेजच्या मुलींना घरी ठेवायची वेळ येणार नाही.
- परीक्षेची फी, जर्नल, प्रवास अशा छोट्या खर्चासाठी लगेच मिळेल असं छोटं अंतर्गत कर्ज ठरवा.
- कुणाची मुलगी विषयात अडकली तर शिक्षण थांबवायचा निर्णय घरात घेण्याआधी ती गोष्ट गटात मांडायची, असं ठरवा.

हा शेवटचा ठराव जरूर करा. हप्ता चुकलेल्या ताईला आपण जशी संधी देतो, तशी आपल्या लेकींनाही एक संधी मिळेल. तुमच्या गटात काय ठरलं ते आम्हाला नक्की कळवा, पुढच्या अंकात छापू.